गार्गांटुआचे तीन ग्रह आणि एक खोटा रिपोर्ट

(या भागाचं लिखित रूप. बोलताना झालेली 'म्हणजे म्हणजे'ची खैरात तेवढी कमी केली आहे.)

लोकलमध्ये उभे असाल, एसटीत खिडकीशी बसला असाल किंवा कानात इअरफोन घालून भांडी घासत असाल, आजचा भाग तुमच्यासाठीच आहे.

सुरुवात एका व्हॉइस नोटने करतो. आपली एक श्रोती आहे, दहावीत शिकते. तिने पाठवलेली नोट जेमतेम अर्ध्या मिनिटाची आहे. ती म्हणते, "दादा, तुम्ही सांगितलंत म्हणून मी वर्गात प्रेझेंटेशनमध्ये सांगितलं की दुसऱ्या ग्रहावर जीवसृष्टी सापडली. सर म्हणाले, असं काही सिद्ध झालेलं नाही. सगळे हसले. मग खरं काय?"

ही नोट मी तीनदा ऐकली. तिला उत्तर द्यायचंय आणि ते इथेच, सगळ्यांसमोर द्यायचंय. पण त्याआधी तुम्हाला एका सिनेमातल्या तीन ग्रहांवर फिरवून आणतो. कारण तिचा प्रश्न आणि त्या ग्रहांची गोष्ट, दोन्हींच्या मुळाशी एकच भानगड आहे: जिथे आपण स्वतः जाऊ शकत नाही, तिथून आलेल्या बातमीवर विश्वास ठेवायचा कसा?

सिनेमा आहे ख्रिस्तोफर नोलनचा 'इंटरस्टेलर'. २०१४ साली आला. अजून बघितला नसेल तर इथेच पॉज करा, बघून या. पुढे सगळा शेवट फोडणार आहे, मग मला शिव्या घालू नका.

आधी नकाशा समजून घेऊ

पृथ्वीवर एकेक पीक मरत चाललंय, मका तेवढा तग धरून आहे. सगळीकडे धूळ. अशात शनीजवळ एक वर्महोल सापडतं, म्हणजे अवकाशातला शॉर्टकट. त्यातून पलीकडे गेलं की थेट दुसऱ्या दीर्घिकेत निघतो. सिनेमातली नासा तिकडे बारा माणसं पाठवते, प्रत्येक ग्रहावर एक. या मोहिमेचं नाव 'लाझारस'. काम एकच: आपला ग्रह तपासायचा आणि माणसांना राहता येईल का ते कळवायचं.

आता अडचण बघा. वर्महोलमधून धड डेटा येत नाही. फोटो नाही, व्हिडिओ नाही. वर्षाकाठी एखादा साधा सिग्नल येतो, त्यावरून 'इथे आशा आहे' एवढंच कळतं. बारापैकी तिघांचे सिग्नल आशादायक आहेत, आणि नशिबाने ते तिन्ही ग्रह एकाच ठिकाणी आहेत, 'गार्गांटुआ' नावाच्या अवाढव्य कृष्णविवराच्या परिसरात. मग कूपर, ब्रँड, डॉयल आणि रोमिली हे चौघं आणि दोन रोबो त्या सिग्नलांच्या भरवशावर निघतात.

या मोहिमेचा एक नियम आहे, तो आत्ताच डोक्यात ठेवा. ज्याचा ग्रह चांगला निघेल त्याच्याकडे लोक येतील. ज्याचा वाईट निघेल त्याला घ्यायला कुणीही येणार नाही. म्हणजे 'माझा ग्रह निकामी आहे' असं खरं सांगणं म्हणजे स्वतःच्या मृत्यूच्या कागदावर सही करणं. सर्व्हेच्या फॉर्ममध्येच गोम होती. पुढे सगळं तिथूनच बिघडलं.

पहिला ग्रह: मिलर

पहिला ग्रह सगळ्यात जवळचा. डॉ. मिलर यांचा सिग्नल सांगतो की पाणी आहे. उतरल्यावर पाणी आहेच, गुडघाभर, नजर जाईल तिथपर्यंत. लांबवर डोंगर दिसतात. मग कळतं की ते डोंगर नाहीत, लाटा आहेत.

या ग्रहाची खासियत तुम्हाला माहीत असेलच. इथला एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षं. आकडा मोठा आहे म्हणून नीट जाणवत नाही, तर जरा हिशेब करू. सात वर्षांत साधारण ६१ हजार तास असतात. म्हणजे तिथलं घड्याळ ६१ हजार पट हळू. तिथे उभं राहून तुम्ही तीस सेकंदांची एक रील बघितलीत, तर इथे घरचे लोक तीन आठवडे तुमची वाट बघत बसलेले असतील.

हे थापा मारण्यासारखं वाटतं, पण वेळ हळू होते हे शंभर टक्के खरं आहे. जितकं गुरुत्वाकर्षण जास्त तितकं घड्याळ हळू, हे आइन्स्टाइनच्या सिद्धांतातून येतं. पुरावा तुमच्या खिशात आहे. जीपीएसचे उपग्रह सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरून फिरतात. तिथे पृथ्वीचं गुरुत्वाकर्षण कमी, त्यामुळे त्यांची घड्याळं पुढे पळतात. त्यांच्या वेगामुळे घड्याळं थोडी मागेही पडतात. दोन्हींची वजाबाकी केली की दिवसाला ३८ मायक्रोसेकंदांचा फरक उरतो. तो दुरुस्त केला नाही, तर दिवसाला दहा किलोमीटरच्या आसपास चूक साठत जाईल. तुमचा पार्सलवाला थेट शेजारच्या गावात पोचेल.

पण ३८ मायक्रोसेकंद कुठे आणि ६१ हजार पट कुठे! सिनेमाचे विज्ञान सल्लागार होते किप थॉर्न, आइन्स्टाइनच्या गुरुत्वाकर्षणावर आयुष्यभर काम केलेले भौतिकशास्त्रज्ञ. नोलन 'तासाला सात वर्षं' यावर अडून बसला. थॉर्न यांना आधी वाटलं, हे अशक्य आहे. मग त्यांनी गणित मांडलं. उत्तर आलं की जमेल, पण कृष्णविवर स्वतःभोवती जवळजवळ कमाल वेगाने फिरायला हवं. जवळजवळ म्हणजे किती? त्या कमाल वेगापेक्षा फक्त एका कोटीच्या कोटीपटीत एक भाग कमी. निसर्गात असं कृष्णविवर असण्याची शक्यता फार फार कमी. पण नियम मोडत नाही, म्हणून थॉर्न यांनी ते चालवून घेतलं.

मग एवढ्या जवळचा ग्रह फाटत कसा नाही? तर गार्गांटुआचं वस्तुमान दहा कोटी सूर्यांएवढं धरलंय. इथे गंमत उलटी आहे: कृष्णविवर जितकं मोठं, तितकी त्याच्या काठाजवळची ओढाताण सौम्य. लहान कृष्णविवराजवळ तुमच्या डोक्याला आणि पायांना वेगवेगळी ओढ बसेल आणि शेवया होतील. मोठ्याजवळ तसं होत नाही. आणि त्या लाटा? थॉर्न यांनी एक शक्यता अशी मांडली की ग्रह एकच बाजू कृष्णविवराकडे करून आहे, पण किंचित डुलतोय. भरलेली बादली घेऊन चालताना पाणी कसं हिंदकळतं, तसं.

असो. मला लाटांपेक्षा सिग्नल महत्त्वाचा वाटतो. पृथ्वीवर दहाएक वर्षं 'पाणी आहे, आशा आहे' असं येत राहिलं. सगळ्यांना वाटलं, मिलर तिथे वर्षानुवर्षं काम करतायत. पण दहा वर्षं म्हणजे तिथला जेमतेम दीड तास! मिलर नुकत्याच उतरल्या होत्या आणि बहुधा काही मिनिटांपूर्वीच गेल्या होत्या. आलेला डेटा म्हणजे उतरल्या उतरल्या पाठवलेला पहिला निरोप, तोच पुन्हा पुन्हा घुमत राहिलेला.

यात कुणीच खोटं बोललं नव्हतं. मोजमाप बरोबर होतं, पाणी होतंच. चूक ऐकणाऱ्यांची झाली. निरोप कधीचा आहे हे कुणी विचारलंच नाही. त्या एका चुकीत डॉयलचा जीव गेला आणि वर यानात थांबलेल्या रोमिलीची २३ वर्षं.

असं खऱ्या खगोलशास्त्रातही झालंय. २०१२ मध्ये बातमी आली की आपल्या सगळ्यात जवळच्या ताराप्रणालीत, अल्फा सेंटॉरी बी या ताऱ्याभोवती, पृथ्वीएवढा ग्रह सापडला. जगभर हेडलाइन. २०१५ मध्ये दुसऱ्या गटाने तोच डेटा पुन्हा तपासला. कळलं की ग्रहाचा म्हणून दिसलेला सिग्नल हा निरीक्षणं कोणकोणत्या वेळी घेतली, त्या वेळापत्रकातून तयार झाला होता. ग्रह नव्हताच. फसवाफसवी कुणाची नाही, घोळ घड्याळाचा.

दुसरा ग्रह: मान

आता इंधन एकाच ग्रहापुरतं उरलंय. मान की एडमंड्स? डॉ. मान हे त्या बारा जणांचे नेते, 'आपल्यातला सर्वोत्तम माणूस' अशी ख्याती. त्यांचा सिग्नल चालू आहे. मतं पडतात, मान जिंकतात.

ग्रह बर्फाळ. ढगसुद्धा गोठलेले. ६७ तासांचा दिवस आणि ६७ तासांची रात्र. गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या ८० टक्के. मान सांगतात, वर अमोनिया आहे पण खाली गेलात की श्वास घेता येईल अशी हवा आहे, सेंद्रिय पदार्थ आहेत.

सगळं खोटं. खाली जमीनच नाही. मान यांना पहिल्या दिवसापासून कळलं होतं की ग्रह निकामी आहे. अनेक वर्षं त्यांनी बटण दाबायचं टाळलं. शेवटी एकटेपणा असह्य झाला आणि त्यांनी बटण दाबलं, कारण तेवढं केलं तर कुणीतरी न्यायला येईल. मघाशी म्हटलं ना, फॉर्ममध्ये गोम होती, ती हीच.

खोटं ओळखायची खूण सिनेमात दिलेली आहे, आपण पहिल्यांदा बघताना ती सोडून देतो. मान यांच्याकडे किप नावाचा रोबो आहे, पण तो उघडून ठेवलेला. का? मान म्हणतात, त्याचं डोकं बिघडलं होतं, सापडलेल्या सेंद्रिय पदार्थांना तो अमोनियाचे स्फटिक म्हणत होता. म्हणजे रोबो खरं बोलत होता! एक साक्षीदार खरं सांगत होता, तर त्यालाच वेडा ठरवून बंद केलं. पुढे रोमिली त्या रोबोच्या मेमरीतला मूळ डेटा बघायला जातो आणि तिथे लावलेल्या स्फोटकांनी मरतो.

म्हणून कुणी मोठा दावा केला की माणसाकडे नंतर बघा. आधी विचारा, मूळ डेटा दाखवतोस का? दाखवायला टाळाटाळ झाली की मनात घंटा वाजलीच पाहिजे.

आणि नावाचं वजन? यावर आपल्या मराठीतला एक किस्सा आहे, कृष्णविवराचाच. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत 'कृष्णविवर' नावाची कथा आली. लेखक नारायण विनायक जगताप. कथेला बक्षीस मिळालं. हे जगताप कोण? तर डॉ. जयंत विष्णू नारळीकर! आपली आद्याक्षरं उलटी करून त्यांनी टोपणनाव बनवलं होतं. तेव्हा ते आधीच जगभर नावाजलेले शास्त्रज्ञ होते. नावाकडे बघून नाही, कथा वाचून काय ते ठरवा, एवढीच त्यामागची इच्छा. कूपरच्या यानात मत देताना 'मान' हे नाव झाकलं असतं, तर कदाचित वेगळं काही घडलं असतं.

तिसरा ग्रह: एडमंड्स

हा ग्रह आपल्याला अगदी शेवटी, काही क्षणच दिसतो. वाळवंटी आहे, पण ब्रँड तिथे हेल्मेट काढून श्वास घेतेय. हाच राहण्याजोगा ग्रह निघतो.

मग आधी तो का नाकारला? दोन कारणं. एक, एडमंड्सचा सिग्नल बंद पडला होता. दोन, ब्रँडचं एडमंड्सवर प्रेम होतं. कूपर ते सगळ्यांसमोर काढतो, आणि तिच्या बोलण्याचं वजन तिथेच संपतं.

पण तिचा शास्त्रीय मुद्दा नीट ऐका. ती म्हणते, कृष्णविवराच्या अगदी जवळ असलेल्या ग्रहांवर पुरेसे अपघात घडत नाहीत. लघुग्रह, धूमकेतू यांनी ग्रहावर आदळायचं, त्यातून नवं काही घडायचं, तर तेच कृष्णविवर गिळून टाकतं. म्हणून लांबचा ग्रह बरा. मुद्दा बिनतोड नसेल, पण तपासण्यासारखा नक्की होता. तो कुणी तपासलाच नाही.

इथे मला दोन गोष्टी दिसतात. सिग्नल न येणं म्हणजे 'नाही' असं उत्तर नसतं, ते 'माहीत नाही' असतं. आणि मनाचा कल असणं हा गुन्हा नाही. तो ब्रँडलाही होता, मानलाही होता. विचारल्यावर ब्रँडने मान्य केलं, मान यांनी स्फोटकं लावली. फरक एवढाच, पण केवढा!

आता माझी पाळी

सिनेमातून बाहेर येऊ. आज आपल्याला सूर्यमालेबाहेरचे सहा हजारांहून जास्त ग्रह माहीत आहेत. हा टप्पा २०२५ च्या सप्टेंबरमध्ये ओलांडला. त्यातल्या एकावरही कुणी गेलेलं नाही. सगळं काही दुरून आलेल्या प्रकाशावरून वाचलेलं. म्हणजे आपणही सिग्नलांच्या भरवशावरच आहोत.

त्यातलाच एक के२-१८बी. १२४ प्रकाशवर्षं दूर, पृथ्वीच्या सुमारे साडेआठ पट वस्तुमानाचा. २०२५ च्या एप्रिलमध्ये केंब्रिजच्या निक्कू मधुसूदन यांच्या गटाने सांगितलं की जेम्स वेब दुर्बिणीच्या डेटात डायमिथाइल सल्फाइड किंवा त्याच्यासारख्या वायूच्या खुणा दिसतायत. पृथ्वीवर हा वायू प्रामुख्याने समुद्रातल्या सूक्ष्मजीवांमुळे तयार होतो. मी त्याच आठवड्यात भाग केला. शीर्षक दिलं, 'सापडली! परग्रहावर जीवसृष्टी'.

मूळ निवेदनात काय होतं? खात्री 'तीन सिग्मा'ची. म्हणजे निव्वळ योगायोगाने असा डेटा दिसण्याची शक्यता ०.३ टक्के. ऐकायला छान वाटतं, पण शोध लागला असं म्हणायला पाच सिग्मा लागतात, तिथे ही शक्यता दहा लाखांत एकाहून कमी असते. त्यासाठी दुर्बिणीचा आणखी १६ ते २४ तासांचा वेळ लागेल, असं त्या गटानेच सांगितलं होतं. पुढे इतर गटांनी तोच डेटा आपापल्या पद्धतीने तपासला, त्यांना ठोस पुरावा दिसला नाही. शिवाय हा वायू एका धूमकेतूवरही आढळलाय, आणि धूमकेतूवर कोण जीव राहणार?

हे मला कधी कळलं? भाग टाकल्यावर महिन्याभरात. मग शीर्षक का बदललं नाही? कारण तो आपला सगळ्यात जास्त ऐकला गेलेला भाग होता. रोज आकडे चढत होते. मी स्वतःला सांगत होतो की पुढच्या आठवड्यात दुरुस्ती टाकू. तो पुढचा आठवडा आलाच नाही. माझ्याही फॉर्ममध्ये गोम होती: खोटं शीर्षक ठेवलं तर लोक येतात, खरं टाकलं तर कुणी फिरकत नाही. मान यांचा प्रसंग बघताना मी नेहमी चिडायचो. परवा ती व्हॉइस नोट ऐकल्यावर तो प्रसंग पुन्हा लावला आणि या वेळी चिडायला जमलं नाही.

मग उपाय काय?

'सगळ्यांनी प्रामाणिक राहावं' हा उपाय नाही. मान सर्वोत्तम माणूस होता, तरी घसरला. उपाय किप थॉर्न यांच्याच दुसऱ्या कामात सापडतो.

थॉर्न हे लायगो प्रकल्पाच्या संस्थापकांपैकी एक, गुरुत्वीय लहरी पकडणारा प्रकल्प. याची अमेरिकेत दोन केंद्रं आहेत, एकमेकांपासून सुमारे तीन हजार किलोमीटर लांब. एकाला काही जाणवलं आणि दुसऱ्याला नाही, तर ते मोजायचं नाही. म्हणजे लाझारसच्या बरोबर उलट. तिथे प्रत्येक ग्रहावर एकच माणूस होता.

आणि पुढे तर कमाल आहे. लायगोने आपल्याच शास्त्रज्ञांची परीक्षा घ्यायला मुद्दाम खोटे सिग्नल सोडायची सोय केली होती. कधी सोडला ते मोजक्या माणसांनाच माहीत. सप्टेंबर २०१० मध्ये एक झकास सिग्नल आला. शेकडो लोकांनी सहा महिने राबून तो तपासला, शोधनिबंधाचा मसुदासुद्धा तयार केला. मार्च २०११ मध्ये सगळ्यांसमोर पाकीट उघडलं: सिग्नल खोटा होता! पण कुणी रागावून निघून गेलं नाही. तपासायची पद्धत चालते, हे त्यातून सिद्ध झालं. १४ सप्टेंबर २०१५ ला खराखुरा सिग्नल आला तेव्हा पहिला प्रश्न हाच होता की हा पण कुणी सोडलाय का? नव्हता. तरी पाच महिने तपासूनच फेब्रुवारी २०१६ मध्ये जाहीर केलं. २०१७ चं नोबेल थॉर्न, रायनर वाइस आणि बॅरी बॅरिश यांना मिळालं.

असंच एक केंद्र आपल्याकडे, हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथ परिसरात उभं राहणार आहे. २०२३ मध्ये केंद्र सरकारने त्याला मंजुरी दिली. म्हणजे उद्या विश्वातून आलेल्या निरोपाची खातरजमा करणाऱ्या साक्षीदारांमध्ये एक साक्षीदार मराठवाड्यातला असेल.

आता त्या दहावीतल्या ताईसाठी. तुझे सर बरोबर होते. चूक माझी होती, तुझी नाही. त्या जुन्या भागाचं शीर्षक आज सकाळी बदललंय: 'परग्रहावर जीवसृष्टी? अजून माहीत नाही'. सुरुवातीला दुरुस्तीही जोडली आहे. भाग काढून टाकला नाही, कारण चूक लपवण्यापेक्षा ती दिसू दे. आणि वर्गात पुन्हा बोलायची संधी मिळाली तर हे सगळं सांग, माझ्या चुकीसकट. हसणारे या वेळी माझ्यावर हसतील, तुझ्यावर नाही.

बाकी मंडळींना एवढंच. पुढच्या वेळी 'सापडलं!' असा फॉरवर्ड आला, तर पुढे ढकलण्याआधी तीन ग्रह आठवा. मिलर: ही बातमी कधीची? मान: मूळ डेटा कुठाय, आणि सांगणाऱ्याचा यात फायदा काय? एडमंड्स: जो गप्प आहे किंवा ज्याला आपण गप्प केलंय, त्याचं म्हणणं ऐकलं का? हे तीन प्रश्न माझ्या भागांनाही लावा. मी चुकलो तर व्हॉइस नोट पाठवा. या वेळी मी महिनोन्महिने थांबणार नाही.

चला, भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत मान वर करून आकाशाकडे बघत राहा. फक्त रस्ता ओलांडताना नको!